हुकूम हातात, पोटगी वाऱ्यावर

संसार मोडीत निघाला की पोस्टमन माहेरच्या दारात जो पहिला कागद टाकतो, त्यात घटस्फोट हा शब्द बहुधा नसतो. असते ते नांदण्याचे आमंत्रण. आमचे अशील आपणांस आजही नांदविण्यास तयार आहेत, अमुक दिवसांत नांदावयास यावे, न आल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल. वकिलांच्या टेबलावर हा मजकूर घोटून घोटून इतका गुळगुळीत झाला आहे की नावे आणि तारखा बदलल्या की काम भागते. बायकोला मारून घराबाहेर काढलेल्या नवऱ्याकडूनही हीच नोटीस येते. तिचा रोख नांदवण्यावर नसतो, पोटगीवर असतो. उद्या तिने पोटगी मागितली तर ‘मी बोलावत होतो, तीच आली नाही’ म्हणायला कागद तयार असावा, एवढाच हेतू. सबळ कारणाशिवाय नवऱ्याकडे राहायला नकार देणाऱ्या पत्नीला पोटगी नाही, अशी कायद्यात तरतूद आहे. तिच्या आधाराने हा डाव पिढ्यान्‌पिढ्या चालला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नांदायला जाण्याचा हुकूमनामा पत्नीने पाळला नाही एवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही. न जाण्याचे कारण काय होते हे पाहावे लागेल. नोटिशी मात्र थांबलेल्या नाहीत.

नांदायला आणण्यासाठी कोर्टात जाण्याची वाट मुंबईला चांगली परिचयाची आहे. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर दावा लावला तो याचसाठी. लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, आणि सासरी त्या कधी नांदल्याच नव्हत्या. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये मोजून तडजोड झाली. पैसे दिले ते बाईने. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, उभे आयुष्य रुग्णसेवेत घालवून १९५५ च्या सप्टेंबरमध्ये वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता आणि त्याच्या कलम ९ मध्ये नांदायला आणण्याचा तोच दावा बसवलेला होता. आज या दाव्याच्या शेवटी तुरुंग नाही, फार तर मालमत्तेची जप्ती. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. गंमत अशी की नांदण्याचा हुकूमनामा होऊन वर्षभरात नांदणे झाले नाही तर तोच घटस्फोटाचे कारण होतो. अनेक वकील हा दावा लावतात तो त्या वर्षाकडे डोळा ठेवून. जोडण्याचे कलम तोडण्याची पायरी म्हणून वापरले जाते, आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही.

घटस्फोट ही आपल्याकडे विलायतेतून आलेली कल्पना आहे, असे पांढरपेशा घरांत अजून बोलले जाते. त्यात तथ्य नाही. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जातींत काडीमोड होता, फारकत होती, सोडचिठ्ठी होती, आणि मोडल्यावर पाट किंवा मोहतूर लावून पुन्हा संसार थाटण्याची सोयही होती. घटस्फोट नव्हता तो उच्चवर्णीयांत. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये, बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ मध्ये त्याला कायद्याचे रूप दिले आणि मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा स्वतःचा कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर आठ वर्षांनी आला. त्याने रूढीने होणारा काडीमोड मोडीत काढला नाही, कलम २९ मध्ये तो शाबूत ठेवला. त्यामुळे आजही स्टॅम्प पेपरवर फारकतनामा लिहून, नोटरीचा शिक्का मारून माणसे मोकळी होतात. मोकळी झाली असे त्यांना वाटते, एवढेच. आपल्या समाजात ही रूढी आहे हे साक्षीपुराव्याने शाबीत करता आले नाही तर तो कागद निरर्थक. हे कळते ते दुसरे लग्न झाल्यावर, नोकरीत वारस लावताना, किंवा नवरा वारल्यावर पेन्शनच्या खिडकीवर दोन विधवा उभ्या राहिल्यावर. जातपंचायतीत बसून झालेल्या निवाड्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. तिथे दंड, माफी आणि वाळीत टाकण्याची धमकी या तीन गोष्टींवर सगळे चाले. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला त्यामागे अशा निवाड्यांविरुद्ध झालेली ओरड मोठी होती.

कोर्टातला घटस्फोट मात्र दीर्घकाळ दोषारोपांवर उभा होता. एकाने दुसऱ्याला गुन्हेगार ठरवल्याखेरीज सुटका नाही. पुण्यात लग्न झालेल्या एका उच्चशिक्षित जोडप्याचा दास्ताने विरुद्ध दास्ताने हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. १९६२ मध्ये पतीने अर्ज केला आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला. क्रूरता सिद्ध करायला फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा नको, दिवाणी दाव्याप्रमाणे पारडे कुठे झुकते ते पाहिले तरी पुरे, हे त्या निकालाने ठरले. त्या कसोटीवर क्रूरता सिद्धही झाली. तरी अर्ज फेटाळला गेला, कारण त्यानंतर दोघे पती-पत्नी म्हणून एकत्र राहिले होते, म्हणजे अपराध माफ झाला असे कायदा मानतो. तेरा वर्षे, चार पायऱ्यांची कोर्टे, आणि शेवटी लग्न कागदावर जागच्या जागी.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे कलम आले आणि वकिलीचा नूर बदलला. कुणाचे चुकले हे सांगायची गरज उरली नाही. पहिला अर्ज, सहा महिने थांबणे, मग दुसरा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सहा महिने सक्तीचे नाहीत असे सांगितले. दोघे बराच काळ वेगळे राहत असतील, पोटगी आणि मुलांचा ताबा मिटलेला असेल, तर न्यायालय ते माफ करू शकते. मे २०२३ मध्ये घटनापीठाने आणखी एक पाऊल टाकले: लग्न सांधण्यापलीकडे मोडले असेल तर सर्वोच्च न्यायालय एकाची संमती नसतानाही ते संपवू शकते. हा अधिकार फक्त त्या एका न्यायालयाचा. परभणीच्या किंवा चिपळूणच्या कोर्टात त्या कारणाचा अर्ज चालत नाही. ते कारण कायद्यातच घाला, अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ मध्ये केली, २००९ मध्ये पुन्हा केली. त्याचे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केले आणि लोकसभेची मुदत संपल्यावर ते गतप्राण झाले. त्या विधेयकात नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला हिस्सा देण्याचीही तरतूद होती. माझ्या मते ते रखडले यामागे ही तरतूद होती, घटस्फोट सोपा होण्याची भीती नव्हे.

कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईला ती १९८९ मध्ये सुरू झाली. या कायद्याच्या पहिल्याच वाक्यात दोन उद्देश आहेत, समेट घडवणे आणि लवकर निकाल देणे, आणि गेली साडेतीन दशके हे दोन उद्देश एकमेकांचे पाय ओढत आहेत. अर्ज दाखल झाला की पक्षकार आधी विवाह समुपदेशकाकडे जातात. बंद खोली, टेबल, तीन खुर्च्या. कोर्टात जे कधीच बोलता येत नाही ते इथे बोलता येते, आणि इथले बोलणे पुरावा म्हणून वापरले जात नाही. चांगला समुपदेशक दोन बैठकींत ओळखतो की हे भांडण पैशाचे आहे, सासूचे आहे, की दोघांपैकी एकाला मुळात हे लग्नच नको होते. वाईट समुपदेशक ‘मुलांकडे बघून जमवून घ्या’ म्हणतो आणि तीन तारखा घालवतो. मार खाणाऱ्या बाईला जमवून घ्यायला सांगणे म्हणजे तिला पुन्हा त्याच स्वयंपाकघरात ढकलणे, हे समुपदेशनात मुरलेल्या माणसांना कळते. मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, त्याचे मोल इथे आहे. पोलिसांच्याच इमारतीत बसलेली सामाजिक कार्यकर्ती आधी बाईच्या सुरक्षिततेचे बघते, समेटाचे नंतर.

त्याच कायद्यातल्या कलम १३ प्रमाणे कौटुंबिक न्यायालयात हक्क म्हणून वकील लावता येत नाही. परवानगीचा अर्ज द्यावा लागतो. परवानगी जवळजवळ नेहमीच मिळते, त्यामुळे वकील नसलेला पक्षकार म्हणजे बहुतेकदा ज्याला वकील परवडला नाही तो. समोर काळा कोट आणि इकडे हातात पिशवी घेतलेली बाई. कायद्याला वकिलांची वादावादी नको होती, प्रत्यक्षात वाद एकतर्फी झाला.

शहराबाहेर तर कौटुंबिक न्यायालयच नाही. तालुक्याच्या बाईचा घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे, पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, घरगुती हिंसाचाराचाही तिथेच पण वेगळ्या नंबराने, आणि छळाची फिर्याद पोलीस ठाण्यामार्गे पुन्हा तिसऱ्या नंबराने. एका संसाराचे चार खटले, चार तारखा, चार वेळा एस.टी.चे भाडे. नवऱ्याकडूनही नांदायला येण्याचा एक आणि मुलाच्या ताब्याचा एक. चांगल्या वकिलाची पहिली परीक्षा इथे होते: कुठले दार ठोठावायचे नाही हे सांगता येणे. सगळी दारे एकदम वाजवली की पक्षकाराला लढल्यासारखे वाटते आणि वकिलाच्या डायरीत तारखा भरतात. पण १९८३ साली आलेले छळाचे कलम ४९८ अ, आता भारतीय न्याय संहितेचे ८५, एकदा लावले की तो गुन्हा आपापसांत मिटवता येत नाही. पुढे तडजोड झाली तरी फिर्याद रद्द करून घ्यायला दोघांनी मिळून उच्च न्यायालयात जावे लागते. जिची हाडमोड झाली आहे तिने तो लावलाच पाहिजे. जिला फक्त स्त्रीधन आणि महिन्याचा खर्च हवा आहे तिच्यासाठी २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा पुरेसा असतो, कारण राहायला जागा, खर्च, संरक्षण आणि मुलांचा तात्पुरता ताबा हे सगळे त्यात एका अर्जात मागता येते.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे पैशाकडे. लग्न मोडण्याची वाट कायद्याने शंभर वर्षांत बरीच रुंद केली. मोडल्यानंतर जगण्याची वाट तितकी केली नाही. वकिलांच्या चेंबरमध्ये घटस्फोट किती दिवसांत होईल हा प्रश्न पुरुष विचारतात. बायकांचा प्रश्न पोटगी सुरू कधी होईल हा असतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये अंतरिम पोटगीचा एक अर्ज झाला. २०१५ मध्ये पत्नीला महिना पंधरा हजार आणि लहान मुलासाठी आधी पाच व पुढे दहा हजार ठरले. नवरा नागपूर खंडपीठात गेला, तिथे २०१८ मध्ये हरला, मग दिल्लीला गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा मूल शाळेत जायच्या वयाचे झाले होते, आणि अर्ज होता अंतरिम पोटगीचा. रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने मग देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. एका कायद्याखाली मिळालेली रक्कम दुसऱ्यात वळती करायची. आणि दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे, शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा.

प्रतिज्ञापत्राचा फायदा झाला, नाही असे नाही. पूर्वी ‘तो लाखांनी कमावतो’ आणि ‘मी बेकार आहे’ यांच्या मध्ये कुठेतरी न्यायाधीशाला अंदाजाने आकडा टाकावा लागे. आता बँकेचे उतारे मागता येतात. पण सातबारा सासऱ्याच्या नावावर, ट्रॅक्टर दिराच्या, दुकान सासूच्या, आणि नवरा कागदावर मजूर, याला प्रतिज्ञापत्र काय करणार? नोकरदार असेल तर पगारातून कापून घेता येते, म्हणून काही बहाद्दर नोकरीच सोडतात. हुकूम झाला म्हणजे पैसे आले असे नव्हे, ही गोष्ट पक्षकाराला समजावणे हे कौटुंबिक वकिलाचे सर्वांत नकोसे काम असावे.

वसुलीची रीत अशी. महिन्याची रक्कम आली नाही की पुन्हा अर्ज. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, १ जुलै २०२४ पूर्वी जुन्या संहितेच्या कलम १२५ खाली. वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, आणि हे माहीत नसल्यामुळे ‘देईल की पुढच्या महिन्यात’ म्हणून थांबलेल्या बायकांचे जुने थकलेले पैसे या मार्गाने हातचे जातात. अर्जानंतर वॉरंट. ते घेऊन पोलीस गावात गेले की नवरा बाहेरगावी. सापडलाच तर एका महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद. ‘जाऊन येतो महिनाभर, मग काय करेल?’ हे वाक्य कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहिले तर ऐकू येते. त्याला कुणीतरी सांगायला हवे की सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे: तुरुंगात जाऊन आल्याने पोटगी फिटत नाही, तुरुंग हा वसुलीचा दाब आहे, परतफेड नव्हे. रक्कम डोक्यावर तशीच राहते. संगमनेरला समता आंदोलनाने अ‍ॅड. निशा शिवूरकर यांच्या पुढाकाराने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस परित्यक्तांचा प्रश्न चव्हाट्यावर मांडला. ‘टाकलेली बाई’ हा शब्द जाऊन ‘परित्यक्ता’ आला, शासकीय योजनांत तिच्या नावाचा रकाना आला. वसुलीची यंत्रणा मात्र अजून त्या एका वॉरंटवर उभी आहे.

मुस्लिम बायकांची वाट आणखी वळणावळणाची. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईच्या विधान भवनावर नेला, तोंडी तलाकाविरुद्ध. सर्वोच्च न्यायालयाने तो तलाक रद्दबातल ठरवायला २०१७ उजाडले. मधल्या काळात शाहबानोला १९८५ मध्ये पोटगी मिळाली, १९८६ च्या कायद्याने तो निकाल पुसला, २००१ मध्ये न्यायालयाने त्या कायद्याचाच अर्थ असा लावला की इद्दतीच्या काळातच पुढच्या आयुष्याची तरतूद नवऱ्याने केली पाहिजे, आणि जुलै २०२४ मध्ये घटस्फोटित मुस्लिम पत्नीला सर्वसाधारण कायद्याखालीही पोटगी मागता येते हे पक्के झाले. २०१९ च्या कायद्याने तोंडी तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. आत बसलेला नवरा पैसे कुठून देणार, हा प्रश्न त्या कायद्याने स्वतःला विचारलेला दिसत नाही.

नवऱ्याच्या मालमत्तेतल्या हिश्श्याची गोष्ट निघाली की गोव्याकडे बघावे लागते. सावंतवाडीहून पत्रादेवी ओलांडले की कायदा बदलतो. पोर्तुगीज १८६७ च्या दिवाणी संहितेचा वारसा तिथे चालू आहे, सर्व धर्मीयांना, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. लग्न मोडले तर निम्मे-निम्मे. बायकोची सही नसेल तर नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही. सिंधुदुर्गातल्या बाईने तीस वर्षे संसार करून बांधलेल्या घरावर, ते तिच्या नावावर नसेल तर, तिचा मालकीहक्क शून्य. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासऱ्याच्या मालकीच्या घरातही सून राहण्याचा हक्क मागू शकते असे सांगितले, पण राहण्याचा हक्क आणि मालकी यांत उंबऱ्याइतकेच अंतर असते असे कुणी समजू नये. गोव्याची व्यवस्था निर्दोष आहे असेही नाही. दोन नावे कागदावर आली म्हणजे घराची सत्ता दोघांच्या हाती आली असे होत नाही. तरी वाटाघाटीला बसताना एकीच्या हाती निम्मे घर असणे आणि दुसरीच्या हाती पोटगीचा अर्ज असणे, यात किती फरक पडतो हे दोन्ही बाजूंना काम केलेल्या वकिलाला विचारावे.

मुलांबद्दल कायदा थोडक्यात बोलतो आणि न्यायालये लांबलचक. पाच वर्षांखालचे मूल सहसा आईकडे, पुढे मुलाचे हित पाहून. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात, बाप हयात असला तरी तो लक्षच देत नसेल तर आईही नैसर्गिक पालक ठरते असा अर्थ लावला गेला. प्रत्यक्षात सारे अडते ते भेटीवर. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांना भेटण्यासाठी वेगळी खोली आहे, खेळणी आहेत. तिथे आणलेले मूल पहिली काही मिनिटे खेळण्यांकडेच बघते, आणि भेटायला आलेल्या पालकाला ते समजून घ्यावे लागते. परदेशी गेलेल्या मराठी जोडप्यांत तर हे भांडण विमानतळावर पोहोचते. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये खटला चालू असताना एक जण मुलाला घेऊन पुण्याला उतरतो, आणि मुलांच्या बेकायदा स्थलांतरावरच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नसल्यामुळे तिथला हुकूम इथे आपोआप चालत नाही. तिकडच्या घटस्फोटाचेही तसेच. इथल्या कायद्यात नसलेल्या कारणावर, एकाच्या गैरहजेरीत मिळवलेला अमेरिकी घटस्फोट इथे ग्राह्य नाही, हे १९९१ पासून ठरलेले आहे. एक माणूस एका देशात घटस्फोटित आणि दुसऱ्यात विवाहित, अशी अवस्था त्यामुळे होते.

वकिलांच्या फीबद्दल बोलायला वकील नाखूश असतात. मिळणाऱ्या पोटगीचा किंवा एकरकमी तडजोडीचा टक्का फी म्हणून घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तसे कुणी मागितले तर नाही म्हणायचा पक्षकाराला अधिकार आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, घटस्फोट, हिंसाचार यांसारख्या दाव्यांत बाईला कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील तर कुठल्याही बाईला फुकट मिळतो, उत्पन्नाची अट तिला लागू नाही. पगारदार बाईलाही. हे कुणी सांगत नाही, म्हणून तालुक्याच्या कोर्टातला विधी सेवा समितीचा बोर्ड वाचून पुढे जाणाऱ्या बायका पुष्कळ.

समितीच्या टेबलापर्यंत पोहोचलेल्या बाईला अनुभवी वकील भांडण कशावरून झाले हे नंतर विचारतो. आधी विचारतो लग्नपत्रिका आहे का, फोटो आहेत का, नवरा कुठे कामाला, पगार कुठल्या बँकेत येतो, घराची पट्टी कुणाच्या नावावर, सातबाऱ्यावर कोण कोण, दागिने कुणाच्या कपाटात, मुलांच्या शाळेची फी शेवटची कुणी भरली. यांतली निम्मी उत्तरे तिला माहीत नसतात. मग तिला परत पाठवून तो सांगतो: पुढच्या वेळी येताना बँकेचे पासबुक आणि शाळेची पावती घेऊन या, आणि घर सोडून अजून बाहेर पडल्या नसाल तर त्याच्या पगाराच्या चिठ्ठीचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा.